पद्माळ्याचे वसंतदादा

वसंतदादा पाटील यांस विद्या अशी ती मराठी शाळेपुरतीच लाभली. आईबाप लहानपणीच अंतरले. सांगलीजवळच्या पद्माळे गावी आजीने वाढविले, आणि कृष्णाकाठच्या शेतीतच त्यांचा जन्म गेला असता. पण बेचाळीसची चळवळ आली. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते साथीदारांसह निसटले, आणि खांद्यात गोळी घेऊन पुन्हा पकडले गेले. ही हकीकत सांगलीत पोराटोरांस पाठ आहे. आम्ही ती येथे लांबवीत नाही.

आम्हांस मोल वाटते ते पुढील उद्योगाचे. ऊस पिकवावा, गुऱ्हाळात गूळ करावा आणि आडत्याच्या पेढीवर उचल फेडीत बसावे, असा शेतकऱ्याचा क्रम होता. (आमचे व्यापारी वाचक रागावोत, पण वही कोणाच्या हाती असे, हे तेही जाणतात.) दादांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सांगलीस शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा केला. भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. वार्षिक सभेत संचालकांस जाब विचारण्याचा हक्क फाटक्या धोतरासही मिळाला. तो कितीदा बजावला गेला, हा प्रश्न निराळा.

१९७७ साली दादा मुख्यमंत्री झाले, १९७८ साली सहकाऱ्यांनीच त्यांचे मंत्रिमंडळ पाडले, १९८३ साली ते पुन्हा आले. त्याच वर्षी त्यांनी खासगी संस्थांस विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची मुभा दिली. तोवर सरकारी जागा मोजक्या. ज्याच्या बापापाशी पैसा तो कर्नाटकात देणगी भरून शिके. पुढे ती मुले घराजवळ शिकू लागली, खेड्यातील पोरांच्या हाती यंत्रविद्या आली, याचे श्रेय दादांस दिलेच पाहिजे. परंतु ही महाविद्यालये काढली कोणी? पुष्कळ ठिकाणी राजकारणात मुरलेल्या पुढाऱ्यांनीच. कारखान्यात शेतकऱ्यास मत होते. येथे फी भरणाऱ्या बापास ना भाग, ना मत, ना जमाखर्च विचारण्याची सोय. अखेर देणगीबंदीचा १९८७ चा कायदा करण्याची पाळी सरकारवर आली. दादा तेव्हा मुख्यमंत्रिपदावरून उतरले होते. १ मार्च १९८९ रोजी ते निवर्तले.

जो नियम दादांनी साखरेस लावला, तो विद्येस लावण्यास आजही कोणाची आडकाठी नसावी. प्रत्येक विनाअनुदान संस्थेने वर्षातून एकदा पालकांची सभा बोलवावी, आणि तीत जमाखर्च वाचून दाखवावा.