२१४७४८३६४७ : आधी काय तपासायचं नाही ते ठरवा

आजच्या भागात एकच संख्या. २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

तिची आणि माझी ओळख एका बगमुळे झाली. पहिल्या नोकरीत मी हिशोबाचा कोड लिहिला, रकमा पैशांमध्ये साठवल्या. बेरीज २ कोटी १४ लाख रुपयांच्या पुढे गेली आणि स्क्रीनवर चक्क उणे आकडा! रात्रभर शोधलं. कारण साधं होतं. ३२ बिटांतला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरतात ३१. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१वा घात वजा १. हीच ती! ३२ बिटांत वेळ मोजणारी जुनी सिस्टिम्सची घड्याळंही याच आकड्यावर अडणार आहेत, १९ जानेवारी २०३८ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी.

पण खरी गंमत पुढे आहे. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, बाकी कुणाचाच भाग जात नाही.

हे ठरवायचं कसं? तिचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या निघतात पावणेपाच हजारांच्या वर. आपण लूप लावू आणि चहा प्यायला जाऊ. १७७२ मध्ये ऑयलरकडे लूप नव्हता. तो सेंट पीटर्सबर्गला होता, दृष्टीही जवळपास गेलेली.

त्याने आधी विचार केला. या संख्येला कुठल्या मूळ संख्येने भाग जायचाच असेल, तर तिला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी लावल्या की ३, ५, ७, ११ सगळे बाद. पहिली तपासायची मूळ संख्या थेट ३११! एकूण यादी शंभराच्या आत आली. त्यातल्या कुणाचाच भाग गेला नाही. झालं सिद्ध.

मग कम्प्युटरची प्रत्येक मर्यादा मूळ संख्या असते का? नाही हो. १६ बिटांची ३२७६७ घ्या, तिला ७ ने भाग जातो. ६४ बिटांत घातांक ६३. त्याला ३ ने भाग जातो, म्हणून त्या संख्येला २ चा ३रा घात वजा १, म्हणजे पुन्हा ७ नेच भाग जातो. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढंही पुरत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ मिळते, आणि ती आहे २३ गुणिले ८९. म्हणजे ३२ बिटांचं हे जमून आलं तो निव्वळ योगायोग.

आता माझा कोड स्लो चालला की मी लगेच मोठा सर्व्हर मागत नाही. आधी बघतो, यातलं काय तपासायची गरजच नाही?

तुम्ही मोबाइलवर ३११ ने भागून बघा, आणि बाकी किती उरली ते कळवा. भेटू पुढच्या भागात!