लोहमार्गाची शिकवण आणि अहिंसेची धाव

व्यापारी कुटुंबाचा दिवस बहुधा बैठकीवरच सरतो. सकाळी पेढी उघडली की दुपारपर्यंत गिऱ्हाईक, दुपारनंतर वह्या आणि रात्री उधारी-वसुलीचा हिशेब. घरातील श्राविकांची पहाट पूजा, स्वयंपाक आणि मुलांच्या डब्यांत जाते. धर्मात पदविहाराला एवढे मोठे स्थान असलेल्या समाजाची पावले व्यवसायाने अशी एका जागी बांधून ठेवली आहेत. साधू-साध्वी आयुष्यभर अनवाणी चालतात. त्यांना वंदन करणारा श्रावक मात्र कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही दुचाकीने जातो.

या पार्श्वभूमीवर जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशनच्या, म्हणजेच ‘जीतो’च्या महिला विभागाने मांडलेल्या ‘अहिंसा रन’चे महत्त्व लक्षात येते. २ एप्रिल २०२३ रोजी, महावीर जन्मकल्याणकाच्या तोंडावर, देशविदेशातील अनेक शहरांत एकाच दिवशी ही धाव झाली. तीन, पाच आणि दहा किलोमीटर असे टप्पे असल्यामुळे आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला आपल्या बेताचे अंतर निवडता आले. प्रश्न उरतो तो त्यानंतरच्या सकाळींचा. एका रविवारी धावून प्रकृती सुधारत नाही. त्यासाठी रोजची वाट हवी. ती पुण्यात कोठे शोधावी?

पाश्चात्त्य देशांनी या प्रश्नाचे एक उत्तर बंद पडलेल्या लोहमार्गांत शोधले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५० किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग रूळ काढून १९६० च्या दशकात पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी खुला झाला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने तयार झाला. अशा वाटांचा खरा गुण त्यांच्या चढणीत असतो. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही. म्हणून रुळांची वाट डोंगराला वळसा घालत, खोदकाम आणि भराव करीत, सौम्य उताराने जाते. नव्याने धावू लागलेल्या गुडघ्यांना अशीच वाट मानवते.

पुणेकरांना ही शिकवण नवी नाही. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, पण त्यापुढचा बोरघाट पार करायला १८६३ साल उजाडले. घाटातील चढ ३७ फुटांना एक फूट इतका होता आणि वाटेत २५ बोगदे खणावे लागले. एका ठिकाणी तर गाडीला थांबून, इंजिनाची बाजू बदलून उलट दिशेने चढावे लागे. ही उलट फिरण्याची जागा १९२९ साली नव्या मार्गामुळे निकामी झाली आणि तिचे अवशेष घाटात राहिले. मात्र तेथे धावण्याचा मोह कोणी धरू नये. शेजारून गाड्यांची अखंड वाहतूक चालू असते आणि रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा कैद किंवा दंडास पात्र गुन्हा आहे. पुण्याहून मुंबई, दौंड आणि साताऱ्याकडे जाणारे मार्गही अहोरात्र वाहते आहेत. रुळांच्या कडेने फिरणे म्हणजे जिवाशी खेळ.

सौम्य उताराचा तोच नियम पाण्यालाही लागू पडतो. १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वती, स्वारगेट भागातून हडपसरकडे आणि पुढे इंदापूर तालुक्याकडे जातो. शहरात त्याच्या काठाने काही ठिकाणी फिरण्यासाठी वाट आहे. जेथे ती बांधलेली, उजेडाची आणि वर्दळीची असेल तेवढीच वापरावी. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटून कित्येक गरीब संसार पाण्यात गेले होते. कडेच्या भिंतींवरून चालण्याचे धाडस मुलांना करू देऊ नये.

वाट मिळाली तरी जैन धावपटूपुढे एक वेगळाच पेच असतो, आणि तो पाण्याचा आहे. एप्रिलच्या आरंभी पुण्यात सूर्योदय साधारण साडेसहाच्या सुमारास होतो. नवकारसी त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे सव्वासातच्या आसपास येते. आदल्या संध्याकाळी चौविहार केला असेल, तर पावणेसातच्या सूर्यास्तापासून सुमारे साडेबारा तास घशाखाली पाण्याचा थेंबही गेलेला नसतो. अशा अवस्थेत उन्हाळ्यातील दहा किलोमीटर धावणे हा तपाचा नव्हे, अविचाराचा मार्ग ठरू शकतो. व्रतही राहावे आणि देहही सांभाळला जावा, यासाठी उपाय साधे आहेत. चौविहार असेल तेव्हा पहाटे तीन किलोमीटर चालण्यावरच समाधान मानावे. लांब पल्ला नवकारसी पाळून, पाणी पिऊन मग गाठावा. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी लवकर निघून सूर्यास्तापूर्वी पाणी आणि भोजन होईल एवढ्या वेळेत परतावे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपाशीपोटी धावू नये.

आहाराचेही तसेच आहे. बटाटा वर्ज्य म्हणून शक्ती कमी पडते, ही समजूत खरी नाही. भात, पोळी, पोहे, केळी आणि खजूर हे काम चोख करतात. बाजारातील तयार शक्तिवर्धक पाकिटांवरची अक्षरे मात्र वाचून घ्यावीत, कारण काहींत मध असतो, तर काहींत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन. बुटांत चामडे नाही ना, हेही पाहावे.

आणि ईर्यासमिती? सुमारे चार हात पुढची भूमी न्याहाळत चालणे हा मुनींचा नियम. गृहस्थाला तो त्या कठोरतेने बंधनकारक नसला तरी त्याचा भाव त्याचाही आहे. अंधारात गवतातून धावण्यापेक्षा उजेड पडल्यावर कोरड्या, बांधलेल्या वाटेने जाणे हे जीवदयेलाही धरून आहे आणि घोट्यालाही हितकारक. साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात, तो काळ श्रावकांनीही घरातील योगासनांना द्यावा. धावेनंतर पाण्याचे प्लास्टिकचे पेले वाटेवर टाकणाऱ्याने छातीवर अहिंसेचे बोधचिन्ह लावणे शोभत नाही.

यंदा प्रत्येक घराने माघापासून चैत्रातील जन्मकल्याणकापर्यंत एक संकल्प करून पाहावा : माळेच्या मण्यांइतके, १०८ किलोमीटर. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकाच्या वाट्याला २७ किलोमीटर येतात. नऊ आठवड्यांत आठवड्याला अवघे तीन. आजोबांचे संथ चालणे आणि नातीचे धावणे एकाच वहीत, एकाच मापाने लिहावे. घरातील स्त्रीच्या वाट्याचे तीन किलोमीटर पूर्ण व्हावेत म्हणून त्या सकाळचा चहा-नाश्ता पुरुषांनी सांभाळावा. नफा-तोट्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर ठेवणाऱ्या घरांना ही एक वही जड जाऊ नये.