कोरड्या रानातून पाणथळीकडे : सायकल-सहलीची आखणी

सायकलीच्या सहलीची आखणी करताना बहुधा नकाशावरील अंतर तेवढे मोजले जाते. शरीराला मात्र किलोमीटर कळत नाहीत. त्याची मापे म्हणजे श्रम, उष्णता आणि पाणी. ही मापे अंतराशी नेहमी जुळतातच असे नाही, आणि ती न जुळल्यानेच अनेक सहली परतीच्या वाटेवर फसतात.

नोएडाच्या परिसरात हे चांगले समजून घेता येते. १९७६ साली वसविलेल्या या नगराच्या नावातील एक अक्षर यमुनाकाठच्या ओखल्याचे आहे. तेथे बंधाऱ्याने अडलेल्या पाण्याच्या परिसरात १९९० साली पक्षी-अभयारण्य घोषित झाले. त्याच्या आग्नेयेस सूरजपूरची पाणथळ आणि त्याहून पुढे सारस पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेली धनौरीची पाणथळ आहे. या प्रदेशातील बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. एरवी रान कोरडे असते. नदीलगतच्या नव्या गाळाच्या जमिनीस 'खादर' आणि उंचावरील जुन्या गाळाच्या जमिनीस 'बांगर' म्हणतात. वाळलेल्या खादरात चाक रुतते, तर ओल्या खादरात चिखल चाकाला लिंपतो. बांगराची वाट अधिक घट्ट असते. पण कडेच्या विलायती बाभळीचे काटे टायरमध्ये शिरतात. म्हणून जादा ट्यूब, ठिगळे आणि पंप बरोबर असावेत.

ऋतूची निवड प्रथम करावी. मध्यम श्रमात मनुष्य विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील धूर आणि डिसेंबर-जानेवारीतील धुके ही दोन्ही टाळावीत. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य हा काळ सोयीचा असून तेव्हा हिवाळी पाहुणे पक्षीही काही प्रमाणात पाहावयास मिळतात.

आता वाऱ्याचा विचार करू. या दिवसांत वारा बहुधा वायव्येकडून वाहतो आणि दुपारी वाढतो. धनौरीकडे जाताना तो पाठीशी, तर परतताना तोंडावर असतो. स्थिर हवेत ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास हवेचा जो विरोध होतो, तो समोरून तितक्याच वेगाचा वारा आल्यास चौपट होतो. कारण हा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

श्रमाची बहुतांश ऊर्जा उष्णतेत जाते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे २४०० किलोजूल उष्णता शरीरातून काढून नेतो. कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो, सदरा कोरडाच राहतो आणि पाणी कमी होत असल्याची जाणीव होत नाही. पाणथळीच्या दमट, आडोशाच्या जागी याच्या उलट घडते : घाम ओघळतो, पण गारवा येत नाही. म्हणून केवळ तहानेवर विसंबू नये. ठरावीक वेळाने थोडे थोडे पाणी प्यावे. घामावाटे मीठही जात असल्याने ताक किंवा मीठ-साखरेचे लिंबू-सरबत हितकारक असते.

हिशेब असा मांडावा. पहिल्या दिवशी ओखला व सूरजपूर पाहून ग्रेटर नोएडात मुक्काम करावा. तेथून धनौरी सुमारे २० किलोमीटर धरू. पहाटे ताशी १८ किलोमीटर वेगाने जाण्यास सव्वा तासाहून कमी वेळ लागेल. ताशी अर्धा लिटर धरल्यास पाणी सुमारे ५५० मिलिलिटर लागेल. परतताना ऊन व समोरचा वारा यांमुळे वेग १२ वर आला, तर एक तास चाळीस मिनिटे लागतील. ताशी पाऊण लिटरप्रमाणे पाणी सव्वा लिटर लागेल. म्हणजे अंतर सारखे असूनही जाण्यास एकूण पाण्याचा एक-तृतीयांशही भाग लागत नाही.

यावरून एक नियम निघतो. एक-तृतीयांश पाणी संपताच, सारस दिसला असो वा नसो, सायकल परत वळवावी. अर्धे पाणी संपेपर्यंत जो पुढे जात राहतो, त्याची परतीची वाट पाण्याआधी संपत नाही. डोके दुखू लागले, घेरी आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सोबत्यांनी त्या प्रवाशास तत्काळ सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि वैद्यकीय मदत मागवावी. सारस त्या पाण्यावर पुन्हा पाहता येईल. त्यासाठी प्रवासी आधी घरी पोहोचला पाहिजे.