मुलीची शाळा बुडतेय? घाईनं दाखला काढू नका!

दिवाळे गावच्या धक्क्यावर होडी लागली, की कोळीवाड्यातल्या बायकांची एकच धांदल उडते. म्हावरं निवडायचं, पाट्या भरायच्या, बाजार गाठायचा. अशात घरात सासूबाई आजारी पडल्या, की सहावीतल्या लेकीला हमखास सांगितलं जातं, "आजच्या दिवस राहा गं घरी, धाकट्याकडे बघ." एकाचे चार दिवस होतात, चाराचे पंधरा. मग शाळेतून निरोप येतो, "आईला घेऊन ये, नाहीतर दाखला घेऊन जा." आईच्या पोटात गोळा येतो. दंड होईल का? पोलीस येतील का? या भीतीनं शाळेची पायरी चढणंच नको वाटतं, आणि पोरीची शाळा सुटते ती कायमचीच.

मैत्रिणींनो, दंडाची ही भीती जुनी आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात मात्र तसं नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण त्यात चुकलं म्हणून या कायद्यात आईबापांना शिक्षा नाही. सक्ती आहे ती सरकारवर. मुलाला प्रवेश द्यायचा, ते रोज येतंय ना हे बघायचं आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करून घ्यायचं.

एवढं पक्कं लक्षात ठेवा :

● आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवीत वा आठवीत फेरपरीक्षेतही नापास झालं, तर त्याच वर्गात ठेवता येतं. काढून टाकता येत नाही. तेव्हा रागाच्या भरात दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.

● मारणं किंवा वर्गात मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे.

● शाळेत बराच खंड पडला असेल, तरी मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. नववी-दहावीलाही हे संरक्षण नाही, आणि दहावीच्या परीक्षेला बसायला हजेरीची अट असते.

आता आपली बाजू. मूल काही न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं, तर मुख्याध्यापकांनी जिल्ह्याच्या बालकामगारविषयक अधिकाऱ्याला कळवावं, असा २०१७ चा नियम आहे. म्हणून तोंडी निरोपावर भागवू नका. साधी चिठ्ठी लिहा : "घरात आजारपण असल्यामुळे माझी मुलगी अमुक तारखेपासून शाळेत येऊ शकली नाही. ती अमुक तारखेपासून येईल. तिचा बुडालेला अभ्यास भरून काढण्यास मदत व्हावी." चिठ्ठीच्या दोन प्रती करा, एकीवर शाळेची पोच घ्या.

आणि कामाचं काय? शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या धंद्यात धोका नसलेली मदत करू शकतं. २०१६ च्या दुरुस्तीनं तेवढी मुभा ठेवली आहे. पण शाळा बुडवून नाही, आणि दुसऱ्याकडे मजुरीला तर नाहीच.

एवढं करूनही शाळा ऐकत नसेल, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि एकूण निम्म्या जागा बायकांच्या. तिथंही दाद लागली नाही, तर नवी मुंबई महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. वकिलाच्या फीची धास्ती नको. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

पोच घेतलेली चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. आणि धाकट्याची सोय शेजारच्या काकूंकडे लावून लेकीला उद्याच शाळेत धाडा. कायदा तिची जागा राखून ठेवील, पण त्या जागेवर तिला नेऊन बसवायचं काम आपलंच आहे, नाही का?