पुरलेल्या इंधनटाक्या आणि कृष्णाखोऱ्यातील भूजल : अन्वेषणाची दिशा

पुणे-बंगळूर महामार्गाने सातारा व कराड मागे टाकून सांगली-मिरजेकडे वळणाऱ्या प्रवाशास पेट्रोलचे पंप जागोजागी दिसतात. टाक्या मात्र दिसत नाहीत. त्या जमिनीखाली असतात, आणि पंप बंद झाला तरी कित्येकदा तेथेच राहतात. जुन्या पोलादी टाकीस गंज चढून तिला सूक्ष्म छिद्र पडले, तर त्याची वार्ता प्रथम शेजारच्या विहिरीच्या पाण्यास येणाऱ्या वासावरूनच मिळण्याचा संभव असतो. तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. म्हणून अशा स्थळांचे अन्वेषण कसे करावे, आणि आपल्या भूस्तरांत त्याची पद्धती कोठे बदलावी लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रमाणाची कल्पना घेऊ. पेट्रोलातील घटकांपैकी बेंझीन हे आरोग्यास विशेष घातक असून ते कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. भारतात आज विकल्या जाणाऱ्या पेट्रोलात ते आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे १०० लिटर पेट्रोलात १ लिटर, अर्थात सुमारे ८८० ग्रॅम. एवढे बेंझीन पूर्णपणे विरघळले तर ८.८ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेस पोहोचेल. उलटपक्षी, १० हजार लिटर पेट्रोल १० अंश सेल्सिअसने निवाले तरी त्याचे आकारमान सुमारे १०० लिटरांनी घटते. तात्पर्य, रोजच्या मोजकाठीच्या हिशेबात जी तूट तापमानाची म्हणून सहज सोडून दिली जाते, तिच्याआड एवढी गळती लपू शकते. तेव्हा तापमानाची दुरुस्ती करून अनेक महिन्यांच्या नोंदी एकत्र तपासणे, ही अन्वेषणाची पहिली पायरी होय.

याच पायरीवर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखालील परवाना, त्यास जोडलेला आराखडा आणि परिसरातील वृद्धांच्या आठवणी यांचाही उपयोग होतो. टाकी किती जुनी, हे कळणे महत्त्वाचे आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २००० साली बंद झाली. त्यापूर्वीच्या टाकीभोवतालच्या मातीत शिशाचाही शोध घेतला पाहिजे.

दुसरी पायरी टाकीचे नेमके स्थान ठरविण्याची. येथे आपला प्रदेश उपकरणांस फारसा अनुकूल नाही. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने चुंबकमापकाची नोंद संदिग्ध होते, आणि काळ्या चिकण मातीत भूभेदी रडारच्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. म्हणून उपकरणांच्या संकेतांची खात्री अखेर सावधपणे खणलेल्या चाचणी-खड्ड्यानेच करावी लागते. ही काळी माती ओलाव्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे टाकीच्या नळांचे सांधे ताणले जातात. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत गंजण्याचा वेगही वाढतो. २०१९ सारख्या महापुरात अर्धवट भरलेली टाकी उत्प्लावनाने उचलली जाण्याचा धोका असतो, हेही विसरता कामा नये.

तिसरी पायरी भूजलाची, आणि खरी अडचण येथेच आहे. या विषयातील बरेचसे मूलभूत ज्ञान वाळूमय थरांतून मिळालेले आहे. अमेरिकेत मिनेसोटातील बेमिड्जी येथे १९७९ साली तेलवाहिनी फुटली, त्या स्थळाचा दीर्घ अभ्यास हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. वाळूत प्रदूषित पाण्याचा झोत उताराच्या दिशेने बराचसा सलग पसरतो. तीन कूपनलिकांतील पातळ्यांवरून त्याची दिशा काढता येते. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळ किंवा सच्छिद्र बेसॉल्ट आणि दोन लाव्हाथरांमध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पातळ पट्टा, अशी रचना असते. पाणी भेगांच्या वाटेने जाते. म्हणून एखादी कूपनलिका निर्मळ निघाली, एवढ्यावरून जमीन निर्मळ असल्याचे अनुमान काढता येत नाही. ती नलिका कदाचित त्या भेगेस भेटलीच नसेल. उघडी विहीर मात्र अनेक भेगांना छेदते, आणि तिचे झरे कोणत्या बाजूने येतात हे शेतकऱ्यास बहुधा ठाऊक असते. ही माहिती टिपून प्रत्येक झऱ्याचा नमुना निराळा घ्यावा. कूपनलिका खोदताना वरचा थर आवरणनळाने बंद करावा. नाही तर तीच नलिका प्रदूषणास तांबडा पट्टा ओलांडून खाली जाण्याची वाट करून देईल.

नमुने किमान दोन ऋतूंत, मे व ऑक्टोबर महिन्यांत, घेणे अगत्याचे आहे. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने पातळीवर तरंगते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही खाली उतरते, आणि पावसाळ्यात पाणी चढले की त्याचा काही भाग खडकाच्या छिद्रांत पाण्याखाली अडकून राहतो. म्हणून मे महिन्यात दिसलेला तवंग ऑक्टोबरात नाहीसा झाला, तर त्यावरून शुद्धी झाली असे समजणे चूक ठरेल. शिवाय, उसाच्या हंगामी उपशाने पाण्याच्या प्रवाहाची दिशाही बदलू शकते.

पृथक्करणात केवळ बेंझीन व त्याचे सगोत्र मोजून थांबू नये. सूक्ष्मजंतू इंधनाचे विघटन करताना प्रथम विरघळलेला ऑक्सिजन, नंतर नायट्रेट व पुढे सल्फेट वापरतात, आणि विद्राव्य लोहाचे प्रमाण वाढते. उसाच्या खतांमुळे ज्या भागातील विहिरींत नायट्रेट विपुल आहे, तेथे टाकीलगतच्या एकाच विहिरीत ते एकाएकी कमी आढळले, तर तो इंधनाच्या अस्तित्वाचा लक्षणीय पुरावा मानावा. मात्र पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलचे विघटन आधी होऊन त्यातच ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि बेंझीन अधिक दूरवर जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

सारांश, या खोऱ्यात ‘प्रदूषण आढळले नाही’ या वाक्याचे मोल ते कोठे, केव्हा आणि किती भेगांत शोधले यावर अवलंबून आहे. ज्या विहिरीचे पाणी माणसे पितात, तिच्याविषयी अहवाल लिहिणाऱ्याने आपल्या निष्कर्षाबरोबरच आपल्या शोधाची मर्यादाही नमूद करणे हे त्याचे कर्तव्य होय.