कोरियात इंग्रजी शिकवायचं : पहिलं वर्ष झालं, दुसरा करार करावा का? सही करण्याआधी घरात मांडायचा हिशोब

वढू बुद्रुक (ता. शिरूर) : कोरिया म्हटलं की शिरूर तालुक्यात सगळ्यात आधी रांजणगाव एमआयडीसीतली एलजी कंपनी आठवते. वढू, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यातल्या घराघरातलं कुणी ना कुणी कंपनीत कामाला आहे. पण दक्षिण कोरियाशी आपला आणखी एक संबंध येऊ शकतो, तो फार जणांना माहीत नाही. तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून भारतीय माणसाला कायदेशीर नोकरी करता येते.

भारत आणि कोरिया यांच्यात सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्याला ‘सेपा’ म्हणतात. मालाच्या आयात-निर्यातीसोबत त्यात माणसांच्या नोकरीचीही कलमं आहेत. पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक पात्रता, म्हणजे आपल्याकडचं बी.एड., असलेल्या भारतीयाला त्यामुळे कोरियातल्या प्राथमिक व माध्यमिक शाळांचा दरवाजा उघडला. ही भरती ‘ईपिक’ या सरकारी योजनेतून होते. योजना १९९५ पासून सुरू आहे. आधी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्याच नागरिकांना त्यात जागा होती.

करार एका वर्षाचा असतो. वर्ष संपत आलं की प्रश्न येतो, परत यायचं की अजून एक वर्ष थांबायचं? खरं तर हा प्रश्न जाण्याआधीच घरात बसून सोडवायला पाहिजे. कारण पहिलं वर्ष खर्च भरून काढण्यात आणि शिकण्यात जातं. हाती काही लागतं ते दुसऱ्या वर्षात.

पगार मोठा दिसतो, पण...

पगार अनुभवावर आणि शिक्षणावर ठरतो. महिन्याला २२ लाख वॉन धरू. वॉन हे कोरियाचं चलन. भाव रोज बदलतो, पण एका रुपयाला १६ वॉन धरले तर हे झाले साधारण १ लाख ३७ हजार रुपये. आकडा ऐकून डोळे मोठे होतात. पण कोरियात २०२५ साली किमान वेतनच ताशी १०,०३० वॉन होतं, म्हणजे महिन्याला जवळपास २१ लाख वॉन. थोडक्यात, इथं लाखाचा वाटणारा पगार तिथं साधाच.

मग शिल्लक पडते कशी? घरभाड्यामुळे. शिक्षकाला राहायला खोली शाळेकडून मिळते. वीज, गॅस, पाणी, फोन, जेवण आणि प्रवास हा खर्च आपला. पगारातून आयकर, आरोग्य विम्याचा निम्मा हप्ता आणि पेन्शनचे साडेचार टक्क्यांच्या आसपास पैसे कापले जातात, पेन्शनचे तेवढेच मालकही भरतो. रोज बाहेर खाल्लं आणि दर सुट्टीला फिरायला गेलं तर वर्षाअखेर हातात फारसं काही राहत नाही.

पहिल्या वर्षी जाण्याचा खर्च वेगळा. विमानाचं तिकीट, कागदपत्रं, थंडीचे कपडे आणि पहिला पगार हातात पडेपर्यंतचे दिवस. ईपिकमध्ये प्रवासासाठी १३ लाख वॉन म्हणजे साधारण ८१ हजार रुपये मिळतात, पण ते तिथं पोहोचल्यावर. सहा महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर हे पैसे परत भरावे लागतात. म्हणजे सुरुवातीचे पैसे घरातूनच उभे करायचे असतात.

दुसऱ्या वर्षात काय वाढतं?

दुसऱ्या वर्षी यातला बराच खर्च पुन्हा होत नाही. खोली तीच, भांडी-अंथरूण आधीच घेतलेलं. अनुभव वाढला की पगाराची पायरीही वर सरकते. करार वाढवणाऱ्याला वेगळा भत्ता मिळतो. त्याचा आकडा तोंडी सांगितलेला धरू नये, नव्या करारात लिहिलेला वाचावा. मायदेशी परतण्याचा प्रवास भत्ता कधी मिळणार, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं.

सगळ्यात मोठी रक्कम निवृत्तिभत्त्याची. कोरियाच्या कायद्याने, वर्षभर नोकरी झालेल्याला नोकरी सोडताना दर वर्षामागे साधारण एका महिन्याचा पगार मिळतो. दोन वर्षं झाली तर दोन महिन्यांचा. पण वर्ष पूर्ण व्हायच्या आधी सोडून आलं तर काहीच नाही. शिवाय भारत आणि कोरिया यांच्यात सामाजिक सुरक्षा करार २०११ पासून लागू आहे. त्यामुळे पेन्शनमध्ये कापलेले पैसे कायमचं परत निघताना एकरकमी मागता येतात. त्यासाठी देश सोडण्याआधी तिथल्या राष्ट्रीय पेन्शन कार्यालयात अर्ज करावा लागतो. अर्ज न करता विमानात बसलं की मागून पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

पैशापलीकडचा फायदा वर्गातला. तिथं इंग्रजी हा विषय तिसरीपासून आहे. (आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच आहे.) आठवड्याला २२ तास शिकवायचं आणि सोबत कोरियन शिक्षक असतो. पहिल्या वर्षी मुलांची नावं ध्यानात ठेवायलाच सहा महिने जातात. सोबतचा शिक्षक काय म्हणतोय ते कळत नाही. दुसऱ्या वर्षी पुस्तक पाठ झालेलं असतं, मुलं ओळखीची झालेली असतात. बोलून घ्यायचं काम तेव्हाच खरं सुरू होतं. तिथल्या मुलांच्या मागे बारावीच्या परीक्षेचं मोठं ओझं असतं. नोव्हेंबरातल्या त्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभर विमानांचं उडणं-उतरणंही थांबवतात. एवढी त्या विषयाची किंमत आहे.

करार आपोआप वाढत नाही

हे नीट समजून घ्या. शिक्षकाला थांबायचं असलं तरी शाळेची शिफारस लागते आणि प्रांताच्या शिक्षण कार्यालयाकडे त्या जागेसाठी पैसे असावे लागतात. करार संपण्याच्या काही महिने आधी शाळा विचारते. तेव्हा लेखी उत्तर द्यायचं. इतर गोष्टी अशा :

– ‘ई-२’ व्हिसाची मुदत संपण्याआधी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात ती वाढवून घ्यायची. पासपोर्टची मुदतही तपासायची.
– ई-२ व्हिसा त्याच शाळेतल्या कामापुरता असतो. संध्याकाळी घरी शिकवण्या घेतल्या तर तो गुन्हा ठरतो. दंड होतो, व्हिसाही जाऊ शकतो.
– शाळेचं वर्ष मार्चच्या सुरुवातीला चालू होतं. भरती फेब्रुवारीअखेर आणि ऑगस्टअखेर अशी दोनदा होते. एकदा परत आलं आणि पुन्हा जायचं ठरवलं, तर बऱ्याच कागदांची फेरी पुन्हा करावी लागते.

इथलं काय मागे पडतं?

आता दुसरी बाजू. समजा, वढूतली एखादी मुलगी बी.ए., बी.एड. झालेली आहे. टीईटी पास आहे आणि पवित्र पोर्टलच्या भरतीची वाट बघतेय. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाला २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये मानधन आहे. तीन वर्षं या मानधनावर काढली की मग पूर्ण वेतनश्रेणी. कोरियातलं वर्ष या तीन वर्षांत धरलं जात नाही. वय मात्र वाढतं आणि भरतीच्या परीक्षेची तारीख कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे थांबायचं असेल तर ‘अजून एकच वर्ष’ असं दरवर्षी म्हणण्यापेक्षा किती वर्षं ते आधीच ठरवलेलं बरं.

घरचंही बघावं लागतं. आई-वडिलांचं दुखणं, ऊसतोड, लग्नाची बोलणी, वाटण्या ही कामं फोनवर होत नाहीत. कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. इथं रात्री नऊला जेवणं उरकून फोन लावला तर तिथं साडेबारा वाजलेले असतात. थंडीत पारा शून्याच्या बराच खाली जातो. माळकरी घरातल्या माणसाचे जेवणाचे हाल होतात, कारण भाजीचं लोणचं वाटणाऱ्या किमचीतही बहुतेक वेळा मासळीचा किंवा कोळंबीचा अर्क असतो. पहिलं वर्ष नवलाईत निघून जातं. दुसऱ्या वर्षी हे जास्त जाणवतं.

जायचंच असेल तर

१) पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं राज्य सरकारकडून प्रमाणित करून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घ्यावं लागतं. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवा केंद्रात होतो. आपल्यासाठी ते पुण्यात मुंढव्याला आहे. त्यावरही अपोस्टिल लागतं. या सगळ्याला महिने जातात, म्हणून निदान सहा महिने आधी सुरुवात करा.
२) ईपिकमध्ये सातवीपासूनचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं, अशी अट उमेदवारांना असते. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी कागदांवर खर्च करण्याआधी ईपिकला ईमेल करून आपल्याबाबत लेखी उत्तर घ्यावं.
३) ईपिक अर्जासाठी फी घेत नाही. ‘जागा पक्की करून देतो, पाच लाख द्या’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.
४) सेपामधली सोय शाळांसाठी आहे. ‘हॅगवॉन’ म्हणजे तिथले खासगी क्लास. तिथं किंवा पर्यटक व्हिसावर शिकवायला पाठवतो म्हणणारा एजंट फसवतोय असं समजा.
५) एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. परदेशी नोकरीबाबत शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे.
६) गेल्यावर बँकेला कळवून एनआरई खातं उघडा. घरी पाठवायचे पैसे त्यातून पाठवा, हिशोब स्वच्छ राहतो.

परत आल्यावर काय?

दोन वर्षांची शिल्लक घरात लागते आणि संपते. टिकते ती भाषा. कोरियन भाषेची ‘टोपिक’ नावाची सरकारी परीक्षा असते, तिच्या सहा पायऱ्या आहेत. एका वर्षात दुकानात बोलण्यापुरतं येतं. दुसऱ्या वर्षी नेटाने अभ्यास केला तर वरची पायरी गाठता येते. रांजणगावला एलजी आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. कोरियन साहेब आणि इथला कामगार यांच्यामध्ये दोन्हीकडचं बोलणं समजणारा माणूस अशा ठिकाणी कामाला येतो. शाळेतली नोकरी मिळेपर्यंत किंवा मिळाली नाही तरी हा दुसरा रस्ता हातात राहतो.

म्हणून दुसऱ्या करारावर सही करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा. पहिल्या वर्षी घरी खरंच किती पैसे आले, दुसऱ्या वर्षी किती येतील आणि इथली कोणती भरती किंवा कोणतं काम त्यात हुकेल. चौथी ओळ भाषेची : वर्षभरात टोपिकची कोणती पायरी गाठली? ती ओळ कोरी असेल आणि पुढच्या वर्षीही कोरीच राहणार असेल, तर नुसत्या पगारासाठी थांबण्यात फारसा अर्थ नाही.