ड्रमच्या मागची तिसरी

रॉक बँड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांब केसांची चार पोरं, कान किटवणारा दणदणाट आणि स्टेजखाली किंचाळणाऱ्या मुली! ‘स्लीटर-किनी’ या अमेरिकन बँडमध्ये मात्र मुली स्टेजवर होत्या. गाणं, गिटार, ड्रम, सगळं त्यांचंच. नाव ऐकून वाटतं, कुणा आजीबाईंचं आडनाव असावं. तर तसंही नाही. वॉशिंग्टन राज्यात लेसी गावाजवळ या नावाचा रस्ता आहे. तिथे त्यांची तालीम चालायची. रस्त्याचं नाव उचललं, झालं बारसं!

१९९४ साली शेजारच्या ऑलिंपिया शहरात कॉरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन यांनी हा बँड काढला. मुलींनी स्वतःचे बँड काढायचे, हाताने लिहिलेल्या पत्रिका झेरॉक्स करून वाटायच्या, कार्यक्रमात मुलींसाठी पुढची जागा मागायची अशी ‘रायट गर्ल’ नावाची चळवळ तेव्हा तिथे जोरात होती. दोघी त्यातल्याच. दोघीही गायच्या आणि गिटार वाजवायच्या. बेस गिटार ठेवलीच नाही. आपल्याच गिटारी नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावल्या. पहिला अल्बम ऑस्ट्रेलियाच्या फेरीत ध्वनिमुद्रित झाला, ड्रमवर तिथलीच लॉरा मॅकफार्लेन. १९९६चा ‘कॉल द डॉक्टर’ही तिच्यासोबतचाच. मग ती गेली. याच काळात कॉरिन-कॅरीचं एकमेकींवरचं प्रेम जमलं आणि मोडलंही. बँड मात्र टिकला! संसार मोडल्यावर त्याच जोडीदाराबरोबर दुकान चालवणं किती जणांना जमेल, सांगा बरं?

१९९६मध्येच जॅनेट वाइस आली. वयाने या दोघींपेक्षा मोठी आणि हात असा की गाण्याला कणाच मिळाला. १९९७च्या ‘डिग मी आउट’पासून २००५च्या ‘द वूड्स’पर्यंत तिघींनी पाच अल्बम केले, बहुतेक सगळे ‘किल रॉक स्टार्स’ या गावातल्याच छोट्या कंपनीकडून. २००१मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात ग्रील मार्कस या समीक्षकाने त्यांना अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड ठरवलं. त्याच वर्षी कॉरिनला मुलगा झाला, तोही दिवस भरायच्या आत. त्या धास्तीतून आलेलं गाणं ‘वन बीट’ या २००२च्या अल्बममध्ये आहे. आई झाली म्हणून गाणं सुटलं नाही. पण तान्हं मूल घरी आणि दौरे महिनोन्‌महिने, ही ओढाताण तुम्हा-आम्हाला वेगळी सांगायला नको.

२००३मध्ये ‘पर्ल जॅम’ या बड्या बँडच्या आधी वाजवायला मिळालं. छोट्या क्लबांतून एकदम हजारोंच्या सभागृहात! पण दौऱ्यांनी कॅरी पोखरत गेली. २००६मध्ये ब्रसेल्सला अंगावर नागीण उठलेली, मन थाऱ्यावर नाही. कार्यक्रमाआधी तिने स्वतःलाच मारून घेतलं. पुढे आत्मचरित्रात तिने हे काही न लपवता लिहिलंय. त्याच वर्षी १२ ऑगस्टला पोर्टलंडच्या क्रिस्टल बॉलरूममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला.

आठ वर्षांनी तिघी गुपचूप पुन्हा जमल्या. २०१५च्या ‘नो सिटीज टू लव्ह’चं स्वागत दणक्यात झालं. म्हणून तर २०१९चा धक्का मोठा होता. नवा अल्बम तयार, सहा आठवड्यांत बाजारात येणार आणि जॅनेटने बँड सोडला! पुढे तिने कारण सांगितलं. आपण आता फक्त ड्रमर आहोत का, असं तिने विचारलं होतं, उत्तर ‘हो’ आलं. निर्मितीत बरोबरीचं स्थान आहे का, याला ‘नाही’. कॅरीचं म्हणणं असं, की आम्ही तिला थांब म्हटलं होतं, ती गेली. दोन्ही खरं असू शकतं. पण तेवीस वर्षांनी बाईला असं विचारायची वेळ यावी, हे मला काही पटत नाही. बरोबरीच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या चळवळीतून आलेला बँड होता हो हा!

त्यानंतरच्या दौऱ्यांत ड्रमवर अँजी बॉयलन बसू लागली. अल्बमवर नावं दोघींचीच. २०२१चा ‘पाथ ऑफ वेलनेस’ त्यांनी स्वतःच निर्माण केला. पुढचा ‘लिटल रोप’ तयार होत असताना, २०२२च्या अखेरीस, कॅरीची आई आणि सावत्र वडील इटलीत अपघातात गेले. अमेरिकी वकिलातीचा फोन मात्र आला कॉरिनला. कॅरीने कधीकाळी पासपोर्टच्या अर्जात ‘तातडीचा संपर्क’ म्हणून तिचं नाव भरलं होतं. कॅरीचा नंबर बदलला होता, कॉरिनचा तोच होता. त्यानंतरच्या दिवसांत कॅरी तासन्‌तास गिटार घेऊन बसायची, आणि या अल्बममध्ये जास्त तू गा, असं तिने कॉरिनला सांगितलं. जानेवारी २०२४मध्ये ‘लिटल रोप’ आला. त्यात बहुतेक ठिकाणी आवाज कॉरिनचाच आहे.